जत्रेचं नाटक आणि कमरेवरचा बॉडीपॅक

साउंड_फोंडा

नमस्कार मंडळी.

दिवाळी झाली की गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सगळीकडे जत्रेच्या नाटकांच्या तालमी सुरू होतात. मी गावोगावच्या मंडळांना साउंड देतो. आता वर टांगलेल्या माईकवर कुणी समाधानी नसतं. मुख्य पात्रांना हेडसेट आणि कमरेला बॉडीपॅक, म्हणजे माईकचा आवाज बिनतारी पाठवणारी छोटी डबी, हवाच असतो. सेट भाड्याने मिळतो, ऑनलाइन मिळतो, कुणाचा भाऊ आखातातून घेऊन येतो. पण तो उघडला जातो थेट प्रयोगाच्या संध्याकाळी, रंगपटात, शेजारी रंगभूषा चालू असताना. मग पहिल्या अंकात खरखर, दुसऱ्यात आवाज तुटणं. शेतातून, ऑफिसातून येऊन रात्री तालीम केलेल्या माणसाचं वाक्य लोकांपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की आवाजाचं भवितव्य कमरेवरच्या पॅकमध्येच ठरतं. तिथे बिघडलेलं मिक्सरवर सुधारत नाही, मिक्सर कितीही महागडा असो.

आधी पिन बघा. शुअरच्या पॅकला चार पिनची छोटी एक्सएलआर जोडणी असते, एकेजीला तीन पिनची, सेनहायजरच्या इव्होल्यूशन मालिकेला आटे फिरवून घट्ट करायचा साडेतीन मिलिमीटरचा जॅक. एका कंपनीचा हेडसेट दुसऱ्याच्या पॅकला सहसा चालत नाही, आणि पिन बसली म्हणजे जोडणी जुळली असंही नसतं. आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. हेडसेटमधल्या आवाज पकडणाऱ्या कंडेन्सर कॅप्सूलला पॅककडून साधारण ५ व्होल्टचा दाब लागतो. तो चुकीच्या तारेवर गेला की एक तर माईक मुका राहतो, नाहीतर आवाज बारीक आणि खरखरीत येतो. माईक वेगळा घ्यायचा असेल तर पॅकचं मॉडेल सांगून त्याच जोडणीचा मागा.

मग गेन. यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. बहुतेक पॅकवर, बटणाने किंवा मेनूतून, माईक किती संवेदनशील ठेवायचा ते ठरवता येतं. काही कंपन्या त्याला गेन म्हणतात आणि आकडा वाढवला की आवाज वाढतो. काहींवर ० म्हणजे सर्वांत जास्त आणि उणे ३० म्हणजे कमी. आकडा फिरवण्याआधी आपला पॅक कुठल्या जातीचा आहे ते पाहून घ्या. रिसीव्हरवर, म्हणजे पॅकचा आवाज पकडून मिक्सरला देणाऱ्या यंत्रावर, आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असते, तिच्याकडे बघत हे करायचं. नटाला ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणायला लावू नका. नाटकातलं सर्वांत मोठ्याने म्हणायचं वाक्य पूर्ण आवाजात म्हणायला सांगा. संगीत नाटक असेल तर वरच्या सप्तकातली तान घ्यायला सांगा. त्या क्षणी लाल दिवा जेमतेम चमकला पाहिजे. मग तिथून आणखी एक-दोन पायऱ्या खाली या, कारण समोर लोक बसले की माणूस तालमीपेक्षा मोठ्याने बोलतो.

पॅकमध्येच आवाज फाटला तर तो फाटलेलाच हवेतून येतो. फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली ओढला की फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, इतकंच. उलट पॅकवर गेन फार कमी ठेवला तर मिक्सरवर वाढवावं लागतं, आणि आवाजाबरोबर सूंऽऽ करणारा आवाजही वर येतो. अ‍ॅनालॉग सेटमध्ये आवाज हवेत पाठवताना दाबून पाठवतात आणि रिसीव्हरमध्ये परत मोकळा करतात, त्यामुळे गेनची चूक तिथे जास्तच उघडी पडते.

रिसीव्हरचं आउटपुट ही वेगळी गोष्ट. त्याच्या मागे माईक आणि लाइन अशी कळ असते. लाइनवर ठेवून मिक्सरच्या माईक इनपुटला जोडलं तर तिथे पुन्हा आवाज फाटेल, आणि दोष पॅकला जाईल.

फ्रीक्वेन्सी ठरवताना आपले सगळे पॅक आधी बंद करा. बाकी जे काही प्रयोगात चालू असणार ते चालू ठेवा: एलईडी पडदा, लाइटचे डिमर, देवळाच्या चौकातला कीर्तनाचा वायरलेस माईक. मगच रिसीव्हरला स्कॅन करू द्या. दुपारी पडदा बंद असताना केलेलं स्कॅन रात्री उपयोगाचं नाही, एलईडी पडदा स्वतःच रेडिओचा कचरा हवेत फेकत असतो. मोकळा चॅनेल मिळाला की एक पॅक चालू करून जुळवा, मग दुसरा, मग तिसरा. सगळे रिसीव्हर एकाच ग्रुपमधल्या वेगवेगळ्या चॅनेलवर ठेवा. कंपनीने ते चॅनेल एकमेकांना त्रास देणार नाहीत असे हिशेब करून निवडलेले असतात.

रिसीव्हर कुठे ठेवता हेही बघा. आपल्याकडे मिक्सर प्रेक्षकांच्या मागे असतो आणि लोक रिसीव्हरही तिथेच ठेवतात. मध्ये शेकडो माणसं बसलेली असतात आणि माणसाचं शरीर माईकची यूएचएफ रेडिओ लहर चांगलीच शोषून घेतं. रिसीव्हर विंगेत ठेवा, डोक्यापेक्षा उंच, नट जिथे वावरणार ती जागा अँटेनाला दिसेल असा, आणि पॅकपासून तीन-चार मीटर तरी लांब. तिथून मिक्सरपर्यंत वायर ओढा. पत्र्याच्या मांडवाला किंवा लोखंडी ट्रसला चिकटवून ठेवू नका. दोन अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या ठेवा. एकीकडे लहर कमी पडली तर दुसरीवर मिळते.

मग पॅक कमरेला लावून, बाकी सगळे पॅकही चालू ठेवून, एका माणसाने रंगमंचभर बोलत चालायचं. रिसीव्हरकडे पाठ करूनही चालायचं. पडद्यामागून, पायऱ्यांवरून, जिथून प्रवेश आहे तिथून. आवाज तुटला तर आत्ता कळलेलं बरं.

सेलबद्दल थोडक्यात: चांगले अल्कलाइन पेन्सिल सेल, प्रत्येक प्रयोगाला नवे. रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल चालणार नाहीत. रिचार्जेबल वापरत असाल तर पॅकच्या मेनूत तसं सांगा, कारण निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो. तो बराच वेळ एकसारखा चालतो आणि शेवटी झपकन उतरतो, त्यामुळे चुकीच्या सेटिंगवर पॅकचा मीटर फसवतो. प्रयोग संपला की सेल काढून ठेवायचे. आपल्या हवेत ते फुटून पॅक खराब व्हायला वेळ लागत नाही.

आणि शेवटी पॅकचं बटण लॉक करा. सिंहासनावर बसताना पॅक दाबला जाऊन माईक बंद पडणं अगदी नेहमीचं आहे.

विचारा, सांगा, खोडा.

आबोली

फार उपयोगी लेखन. देव बरें करूं.

मी नाटकात काम करते. अभिनेत्रींच्या बाजूने लिहिते. नऊवारीत पॅक खोचायला जागा नसते. साडीच्या गाठीत खोचला की प्रत्येक हालचालीला सरकतो आणि वायर ओढली जाते. आम्ही रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवून घेतला, त्याला पाठीच्या बाजूला पॅकच्या मापाचा खिसा. तो आधी बांधायचा, मग साडी. एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते की पॅकची कळ आणि सेलचं झाकण साडी न सोडता हाताला लागलं पाहिजे.

प्रश्न असा की गळ्यात ठुशी, मोहनमाळ, कानात कुड्या, हे सगळं माईकला लागून वाजतं. काय करावं? आणि घाम. मार्चच्या शिगम्यात पाचवा प्रवेश येईपर्यंत आवाज कोंदट व्हायला लागतो.

साउंड_फोंडा

आबोलीताई, पट्ट्याची युक्ती उत्तम.

दागिने असतील तर छातीवरचा कॉलर माईक सोडूनच द्या. माईक चेहऱ्यावर न्या. गालावरचा बारीक त्वचेच्या रंगाचा हेडसेट, तोंडाच्या कोपऱ्याच्या किंचित मागे, म्हणजे श्वासाचा झोत थेट लागत नाही. दिसायला नको असेल तर कपाळावर केसांच्या रेषेत, अंबाड्यातून वायर मागे. पुरुष पात्रांना फेटा-पगडी असली तर कपाळावरचा माईक कापडाखाली झाकला जाणार नाही एवढं बघायचं. कुड्या आणि हेडसेटचा कानावरचा हूक एकाच बाजूला येत असतील तर हूक दुसऱ्या कानाला घ्या. वायर मानेच्या मागे पारदर्शक सर्जिकल टेपने चिकटवा, पण टेपच्या आधी एक छोटा सैल वळसा ठेवा. मान वळवली की तो वळसा ताण घेतो, माईक जागचा हलत नाही.

रोजच्या प्रयोगात जागा बदलू नका. गालावर एक सेंटिमीटर मागेपुढे झालं तरी मिक्सरवरचा सगळा हिशेब बदलतो.

घामाचं सांगतो. कॅप्सूलच्या तोंडावर जाळीची बारीक टोपी असते. त्यात घाम आणि रंगभूषेची पावडर मिळून थर बसतो आणि वरचे स्वर जातात, तेच तुम्ही कोंदट म्हणता. अंक संपला की टोपी काढून टिश्यूने टिपा, जादा टोप्या जवळ ठेवा. फुंकर मारू नका, ओल आणखी आत जाते. रंगभूषा आधी पूर्ण करून, वाळल्यावर माईक लावा. हेअर स्प्रे तर माईक लावल्यावर अजिबात नको.

पॅकमध्ये घाम शिरतो तो वायरवरून ओघळत पिनेतून. म्हणून वायर पिनेच्या खाली नेऊन मग वर आणा, थेंब त्या वळशातून खाली पडतो. पॅक उलटा, पिन खाली करून लावला तरी चालतं. लेटेक्सच्या पातळ पिशवीत पॅक घालणारेही आहेत. अँटेना मात्र दुमडायची नाही आणि ओल्या कातडीला चिकटू द्यायची नाही. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर होते, अँटेना तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे सुमारे साडेबारा सेंटिमीटर. ती सरळ लोंबकळत असते तेव्हाच नीट काम करते. पट्ट्याच्या खिशाला अँटेनासाठी भोक ठेवा.

कुळागर

माझ्या आतेभावाने अमेरिकेतून जुना सेट आणला आहे, चार पॅक, चांगल्या कंपनीचे. त्यावर ७४० ते ७७० असं काहीतरी लिहिलंय. घरात झकास चालतो. यंदाच्या नाटकाला वापरावा का?

साउंड_फोंडा

नको. इतक्या स्वस्तात का मिळाला त्याचं कारणच त्या आकड्यात आहे. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायरलेस माईक वापरायला जून २०१० पासून मनाई आहे. मग जुलै २०२० पासून ६०० च्या पट्ट्यातलाही मोठा भाग बंद झाला. ते सेट तिथे निरुपयोगी झाले, म्हणून बाहेर पडतात.

आपल्याकडे ७०० चा पट्टा मोबाइलला दिलेला आहे. ७०३ ते ७४८ मध्ये फोन टॉवरकडे बोलतात, ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर फोनकडे. २०२२ च्या लिलावात जिओने त्यातला काही भाग घेतला. घरात चालतो कारण घरात चार फोन आहेत. जत्रेत पाचशे फोन असतात, त्यात पहिल्या रांगेतला माणूस रंगमंचापासून दहा फुटांवर बसून चित्रीकरण पाठवत असतो. ऐन वेळी आवाज तुटणारच. शिवाय ती लहर दुसऱ्याच्या नावावर आहे, ती आपण वापरणं बरोबर नाही.

कुळागर

समजलं. मग २.४ गिगाहर्ट्झचा घेऊ का? दुकानदार म्हणाला, परवान्याची भानगड नाही.

पडद्यामागे

मी उत्तर देतो, पणजी-मडगावच्या नाट्यगृहांत काम करतो.

२.४ चा पट्टा परवानामुक्त आहे हे खरं. पण तिथेच वायफाय, ब्लूटूथ, सगळं गर्दी करून आहे. दुपारच्या रिकाम्या सभागृहात तो उत्तम चालतो, लोक भरले की अडखळतो. भजनाचा छोटा कार्यक्रम, वर्गातलं व्याख्यान, एखादा गिटारवाला, इथपर्यंत ठीक. रिसीव्हर वादकाच्या पायाशी असला तर आणखी ठीक. आठ पात्रांच्या नाटकाला नको. नाटकाला यूएचएफ, तोही मोबाइलच्या पट्ट्याच्या खालचा, आणि घेताना भारतात वापरायला चालणारं मॉडेल आहे ना, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

मूळ लेखातल्या ‘एकाच ग्रुपमधले चॅनेल’ या वाक्यावर थोडं सांगतो, कारण लोक ते सोडून देतात आणि समान अंतराने आकडे निवडतात. समजा दोन पॅक आहेत, ६०६.० आणि ६०६.४ वर. दोन्ही एकाच वेळी चालू असले की त्यांच्या मिश्रणातून नवे स्वर तयार होतात. एकाची दुप्पट करून दुसरा वजा करा: ६०६.४ ची दुप्पट वजा ६०६.० म्हणजे ६०६.८. दुसऱ्या बाजूला ६०५.६. आता तुम्ही तिसरा पॅक छान समान अंतर ठेवून ६०६.८ वर लावलात तर पहिले दोघं मिळून बरोबर त्याच्या डोक्यावर बसतात. एकेकटा तपासला तर तिन्ही स्वच्छ. तिघे एकत्र रंगमंचावर आले की तिसऱ्याच्या आवाजात घरघर. तिसरा ६०७.२ वर नेला की हा त्रास जातो, हवं तर कागदावर मांडून बघा. पॅक वाढले की हा हिशेब हाताने जमत नाही, म्हणून ग्रुप वापरायचा.

हे मिश्रण पॅक एकमेकांच्या अगदी जवळ असताना जास्त होतं. विंगेत टेबलावर सहा चालू पॅक शेजारी शेजारी ठेवणं हे सर्वांत वाईट. आणि ताकद वाढवणं हा उपाय नाही. पॅकवर १० मिलिवॅट आणि ३० किंवा ५० अशी निवड असते, लोक सरळ मोठा आकडा लावतात. छोट्या रंगमंचावर कमी ताकदच चांगली: मिश्रण कमी, सेलही जास्त टिकतात.

घुमटाचो_नाद

आमचं घुमट आरतीचं पथक आहे, चवथीत आणि स्पर्धांना जातो. घुमटाला बॉडीपॅक लावता येईल का? आजवर समोर स्टँडवर माईक असतो, पण वादक डोलायला लागला की आवाज येतो-जातो.

साउंड_फोंडा

येतो लावता, आणि हा माझ्या फार आवडीचा विषय आहे.

ज्यांना घुमट माहीत नाही त्यांच्यासाठी: मातीचं भांडं, दोन्हीकडे उघडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं असायचं, ती आता कायद्याने संरक्षित आहे म्हणून बकऱ्याचं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड उघडत-झाकत घुमारा बदलायचा. म्हणजे आवाज दोन ठिकाणांहून निघतो: पुढून थापेचा, मागून घुमाऱ्याचा. स्टँडवरचा माईक पुढचा घेतो आणि घुमटाचा जीव मागे राहून जातो.

लवचीक मानेचा छोटा क्लिप माईक घ्या. मातीच्या काठाला क्लिप लावू नका, काठ फुटेल आणि धरही बसणार नाही. भांड्याच्या गळ्याभोवती वेल्क्रोचा पट्टा गुंडाळून त्यावर क्लिप बसवा. माईकचं तोंड मागच्या तोंडाच्या बाजूला, चार-पाच बोटं लांब आणि तिरकं. समोर ठेवलं तर तळवा आदळेल आणि प्रत्येक वेळी हवेचा धक्का ‘धप्’ असा येईल. थोडं तिरकं केलं की घुमारा येतो आणि थापही पुरेशी मिळते.

पॅकवर गेन बोलण्याच्या माईकपेक्षा बराच खाली. पॅकवर पॅड (येणारा आवाज कमी करणारी कळ) असेल तर चालू करा. घुमटाची थाप क्षणभराची पण फार जोरकस असते, लाल दिवा दिसायच्या आत फाटून जाते. म्हणून इथे दिव्यावर विसंबू नका, हेडफोन लावून ऐका. मिक्सरवर खालचे स्वर कापण्याची कळ गायकाच्या चॅनेलला दाबतो तशी घुमटाला दाबू नका, गेला घुमारा. पॅक उजव्या कमरेला, कारण डावा हात आणि घुमट डाव्या बाजूला घासतात. वायर मानेतल्या दोरीबरोबर वर आणून पाठीमागून खाली.

शामेळ (काठीने वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळ्यांना (झांजांना) वेगळे माईक नकोतच. गायकांच्या माईकमध्ये ते हवे त्यापेक्षा जास्तच येतात. कासाळी वाजवणाराच मुख्य गात असेल तर त्याला सगळीकडून ऐकणारा ओम्नी हेडसेट न देता एका दिशेचा कार्डिऑइड द्या, नाहीतर शब्द बुडतील.

घुमटाचो_नाद

तळव्याचं सांगितलंत ते अगदी बरोबर. आमच्या एका पोराने माईक भांड्याच्या आत सोडून बघितला होता. नुसता गडगडाट, बोल एकही कळेना. वेल्क्रो करून बघतो.

मांडवीकाठ

व्हायोलिनसाठी कुणी वापरतं का? माझ्या व्हायोलिनला घोडीखाली पिझो पिकअप (कंपन पकडणारी पट्टी) आहे. वायरने जोडलं की बरं वाजतं, बॉडीपॅकला जोडलं की पत्र्यासारखं.

पडद्यामागे

पिझोला पुढच्या यंत्राचा खूप जास्त इनपुट इम्पिडन्स (विद्युत अडथळा) लागतो, एक मेगाओमच्या आसपास किंवा वर. पॅकचं इनपुट माईकसाठी ठेवलेलं असेल तर खालचे स्वर गळतात आणि तुम्ही म्हणता तसा आवाज उरतो. पहिली गोष्ट, पॅक इन्स्ट्रुमेंटवर आहे का ते बघा. काहींवर कळ असते, काहींवर त्या कंपनीची वाद्याची वायर लावली की पॅक स्वतः ओळखतो. घरी बनवलेली वायर असेल तर माईकसाठीचा दाब पिकअपवर जात नाही ना, हेही तपासून घ्या. तरी बरं वाटलं नाही तर मध्ये कमरेला लावायचा छोटा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे पिकअपचा आवाज पॅकला जुळवून देणारी डबी.

गिटारवाल्यांना उलट अनुभव येतो: वायरलेसवर आवाज जास्त चकचकीत लागतो. लांब वायर वरचे स्वर थोडे खाते, ती गेली की ते परत येतात. काही सेटमध्ये वायरची लांबी भासवणारी सोय यासाठीच असते. डिजिटल सेटमध्ये दोन ते चार मिलिसेकंदांचा उशीर असतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून जेमतेम मीटरभर मागे सरकून उभं राहिल्यासारखं. वादकाला ते खटकू नये.

जुना_प्रेक्षक

वेगळं मत मांडतो. आम्ही ज्या पिढीची नाटकं पाहिली त्यात रंगमंचाच्या काठावर दोन आणि वर दोन माईक असत. नट आवाज फेकायला शिकत. आता राजा डावीकडे उभा आणि आवाज उजव्या खांबावरच्या स्पीकरमधून. कोण बोलतंय तेच कळत नाही. कुजबुज आणि आरोळी सारख्याच जोराची. पॅक लावून अभिनय सपाट झाला असं माझं मत आहे.

साउंड_फोंडा

काका, तुमचं म्हणणं मी मनापासून घेतो. आवाज कुठून येतो हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी रंगमंचाच्या मध्यावर, खाली, एक छोटा स्पीकर ठेवून त्यावर थोडा आवाज दिला की कान पुष्कळ अंशी नटाकडे वळतो. आणि कुजबुज-आरोळी सारखी होते ती कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारी सोय) घट्ट आवळल्यामुळे. तो सैल ठेवायचा आणि हात फेडरवर, संहिता समोर. साउंडवाल्याने तालमीला यायलाच हवं.

पण उघड्यावरच्या रंगमंचाला लांबचा माईक आता पुरत नाही. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. वर टांगलेला माईक तोंडापासून दोन मीटरवर, हेडसेट चार-पाच सेंटिमीटरवर. लांबच्या माईकला उचलायला गेन वाढवला की तो स्पीकरचा आवाजही ऐकतो आणि शिट्टी मारतो. त्यात वारा, जनरेटर, फेरीतली, म्हणजे जत्रेच्या बाजारातली, खाजेवाली आणि खेळणीवाले. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, राज्य सरकारने वर्षातल्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट दिली तरच. आमच्या गावात म्हणून पडदा सातला उघडतो. त्या वेळी जत्रेची फेरी ऐन भरात असते, सगळा गोंगाट तेव्हाच. अशा वेळी स्पीकर मोठे न करता शब्द स्पष्ट पोचवायचा तर माईक तोंडाजवळच हवा.

जुना_प्रेक्षक

मधल्या स्पीकरचं आमच्या मंडळाला सांगतो. बाकी, आवाज फेकायला पोरांनी शिकलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

साउंड_फोंडा

त्यात दुमत नाही. पुटपुटणाऱ्याला कुठलाच माईक वाचवत नाही.

कीर्तनप्रेमी

आमच्या देवळात कीर्तनकार बुवांना उपरण्यावर कॉलर माईक लावतात. बुवा झांज वाजवतात, नाचतात, मान वळवून पेटीवाल्याकडे बघून गातात. आवाज सारखा कमी-जास्त.

पडद्यामागे

उपरणं हलणारच, त्यावर माईक नको. अंगरख्याच्या मधल्या पट्टीवर, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा आणि उपरणं त्याच्या दोन्ही बाजूंनी जाईल असं बघा. तरी मान वळली की आवाज जाणारच, म्हणून बुवा तयार असतील तर हेडसेट. पुष्कळ बुवा आधी नको म्हणतात, एकदा लावला की हात मोकळे राहिल्याचं त्यांनाच बरं वाटतं. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा, पायांचे ठेके आणि कपड्यांची घसर कमी होते.

आबोली

आणखी एक. आमच्याकडे पात्रं अकरा आणि भाड्याचे पॅक सहाच. दोन प्रवेशांच्या मध्ये पॅक एकाचा काढून दुसऱ्याला लावताना फार धांदल होते. काही रीत आहे का?

साउंड_फोंडा

आहे. पॅक बदला, हेडसेट बदलू नका. ज्यांना बोलायचं आहे त्या प्रत्येकाला स्वतःचा हेडसेट सुरुवातीलाच लावून टेपने पक्का करा, वायरचं टोक पट्ट्यापर्यंत आणून ठेवा. एकाच मॉडेलचे सगळे हेडसेट असतील तर उत्तम. विंगेत फक्त पिन काढायची आणि घालायची.

त्यासाठी संहितेवरून आधीच तक्ता करा: प्रवेश, पात्र, पॅक क्रमांक. लागोपाठच्या प्रवेशांत येणाऱ्या दोघांना एकच पॅक देऊ नका, मध्ये एक तरी प्रवेश सुटला पाहिजे. भारदस्त आवाजाचा खलनायक आणि हळू बोलणारी लहान मुलगी यांनाही एक पॅक नको, कारण गेन दोघांचा वेगळा लागतो. तक्त्याची एक प्रत विंगेत, एक मिक्सरवर, एक रंगपटाच्या दारावर. पॅकवर मोठ्या अक्षरात क्रमांकाची पट्टी चिकटवा, तोच क्रमांक रिसीव्हरवर आणि मिक्सरच्या चॅनेलवर.

पिन काढण्याआधी मिक्सरवाल्याने तो चॅनेल बंद केला पाहिजे, नाहीतर स्पीकरमधून मोठा ‘ठक्’ आवाज जातो. विंगेत एक माणूस फक्त याच कामाला ठेवा, त्याला नाटकात भूमिका देऊ नका. त्याच्या हातात छोटी टॉर्च, जादा सेल, टेप, टिश्यू. पॅक लावून झाला की तो रिसीव्हरच्या पट्टीकडे बघतो, पात्र हलकेच खाकरतं, पट्टी हलली की मिक्सरवाल्याला टॉर्चने खूण. मग चॅनेल उघडायचा.

आबोली

तक्ता आज रात्रीच्या तालमीत करते. खलनायक आणि मुलगी सध्या एकाच पॅकवर आहेत, ते आधी बदलते.